ठेंगूच्या पोटातला ठोका

मंगळवार, ४ मार्च

ठेंगू ठोकायला लागला!

सकाळी वहिनी खडीचा ढीग सारखा करत होत्या. मी ऑफिसात — ऑफिस कसलं, पत्र्याचा डबा — आजच्या ऑर्डरी बघत होते. एकदम कान उभे राहिले. रोजच्या घरघरीच्या खाली दुसरंच काहीतरी. ठक्. ठक्. ठक्. आत कोणीतरी कोंडलंय आणि दार वाजवतंय, असं.

धावत बाहेर गेले तोवर वहिनींनी बकेट जमिनीला टेकवून इंजिन बंदही केलं होतं. कॅबिनमधूनच ओरडल्या, "धाकटे, ऐकलंस का?"

ऐकलं. बहिऱ्यालाही ऐकू गेलं असतं.

कागदावर तो स्किड स्टीअर लोडर. आमच्या तोंडी ठेंगू. बुटका, चौकोनी, जागच्या जागी गरकन फिरणारा, आणि आता म्हातारा. खडी, वाळू, माती, खत — यार्डातला प्रत्येक दाणा त्याच्या बकेटमधून गेलेला. "या घरात कमावता एकटा ठेंगू, बाकी आपण सगळे बसून खाणारे," असं दादा म्हणतात. दादा म्हणजे माझे थोरले दीर. पाठीच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना लोडरमध्ये बसायची बंदी केली. तेव्हापासून लोडर त्यांची बायको, म्हणजे वहिनी, चालवतात, दुरुस्ती मी करते आणि दादा खुर्चीत बसून निदान करतात.

आजचं निदान — "रिंगा गेल्या!"

पिस्टनच्या रिंगा, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. घरातला पंखा बंद पडला तरी रिंगाच गेलेल्या असतात.

दुपारी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून बसले. डॉक्टरची नळीच ती. वरून ऐकलं, बाजूने ऐकलं. रिकामा चालवला की ठोका बारीक, माल उचलला की दणदणीत. मग इंजेक्टरच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले केले. ज्या सिलिंडरात दुखणं, त्याचं डिझेल तोडलं की ठोका बदलायला हवा. एकदाही बदलला नाही! पहिल्याला नाही, दुसऱ्याला नाही, कुठल्याच सिलिंडरला नाही.

असं होत नाही. म्हणजे होतं, पण मग दुखणं भलतीकडेच असतं. कुठे?

बुधवार, ५ मार्च

ऑइल काढलं. पांढऱ्या फडक्यावर ओतून उन्हात धरलं. बेअरिंग झिजत असेल तर त्यात चमक दिसते, चांदीची पूड टाकल्यासारखी. काही नाही. लोहचुंबक फिरवलं. काही नाही. फिल्टर कापून उलगडला, घडी न् घडी बघितली. नुसतं काळं ऑइल. पोटात एवढा मोठा आजार असता तर रक्तात दिसला नसता?

दादा: "मग रिंगाच!"

वहिनी म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसा हो. ती ऐकतेय."

मी ऐकत नव्हते. ऐकायला जे हवं ते मन जागेवर नव्हतं. सकाळी ह्याचा फोन आला होता. बंदरावरच्या त्या वर्कशॉपच्या फोरमनने माझ्याबद्दल पुन्हा विचारलंय. जहाजांचे जनरेटर दुरुस्त करायचं काम. खरं डिझेलचं काम! माझ्या उंचीची इंजिनं. हा तिथेच क्रेन चालवतो, भाड्याच्या खोलीत राहतो, महिन्यातून एकदा दमून घरी येतो आणि निम्मा वेळ झोपतो. लग्न झाल्यापासून आम्ही नवरा-बायको कमी, पाहुणे जास्त.

"महिनाअखेरपर्यंत सांगा म्हणालेत. काय सांगू?"

"इथलं आधी बघते," म्हटलं.

"इथलं म्हणजे?"

"ठेंगू ठोकतोय."

तो हसला. मला हसू आलं नाही. वहिनींना कसं सांगायचं, या एका गोष्टीवर मी किती दिवस नुसती येरझारा घालतेय ते त्याला काय माहीत.

गुरुवार, ६ मार्च

काही नाही. ठेंगूला हळूहळू चालवलं. ठोका आहे तसाच. जेवताना घास हातात घेऊन बसले होते म्हणे. वहिनींनी सांगितलं तेव्हा कळलं.

शनिवार, ८ मार्च

गेला.

एक बाई ट्रेलर घेऊन आल्या होत्या, बागेसाठी माती. वहिनींनी बकेट भरून उचलली, वळल्या आणि खट्ट! एकच आवाज. इंजिन जागच्या जागी गप्प. बकेट हवेत. मातीची एक धार खाली पडत राहिली.

पुन्हा चावी फिरवली. स्टार्टरचा नुसता टिक. बॅटरी बघितली, उत्तम. मग कॅबिन मागे उलटून क्रँकच्या बोल्टला मोठा पाना लावला, त्याला पाइप लावला, आणि लोंबकळले. तसूभर हललं नाही. वहिनी पण आल्या. दोघी लोंबकळलो. काही नाही.

"जाम?" वहिनींनी विचारलं.

"जाम."

आणि आता खरं लिहिते, नाहीतर लिहायचं कशाला. तो शब्द तोंडातून बाहेर पडला आणि छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. सुंठीवाचून खोकला गेला! ठेंगू मेला, म्हणजे यार्ड संपलं. यार्ड संपलं म्हणजे मला कोणाला सोडून जायचं नाही. कोणाला काही सांगायचंही नाही. दादा-वहिनी नाक्यावरच्या आपल्या खोल्या भाड्याने देतील, निवांत राहतील. सगळे मोकळे.

त्या बाई उभ्या होत्या. वहिनी म्हणाल्या, "थांबा, फावड्याने देते." आणि फावडं घेतलं.

मी अजून पाइप हातात घेऊन उभीच.

रविवार, ९ मार्च

पंपवाले येऊन गेले. नाव पंपवाले असलं तरी गावातली निम्मी डिझेल इंजिनं त्यांच्या हाताखालून जातात. पाना लावला, जोर दिला, मान हलवली. "आधी ठोकत होता आणि मग जाम झाला ना? मग झालं. बेअरिंग फिरलं, क्रँकला चिकटलं. याच्यावर आता एक दिवस घालवू नका."

मी म्हटलं, "ऑइलमध्ये काहीच नव्हतं पण."

"दिसत नाही कधीकधी."

दिसतं. नेहमी दिसतं. मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण मी गप्प बसले. त्यांना घाई होती आणि मला त्यांचंच बरोबर हवं होतं.

दादांनी रिंगांचं नावसुद्धा काढलं नाही. खुर्चीतून उठले, भिंतीला धरून ठेंगूपर्यंत गेले आणि त्याच्या टायरवर हात ठेवून उभे राहिले.

सोमवार, १० मार्च

जावा जावा, उभा दावा — माझ्या लग्नात मावशीने हे इतक्या वेळा ऐकवलं की मी सासरी येताना भांडायच्या तयारीनेच आले होते. माहेरी बाबांचं डिझेलचं वर्कशॉप. मी त्यातच वाढले. लग्नानंतर ते सगळं संपलं, असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मीही.

आणि मग इथे ठेंगूचा पंखा तुटला एक दिवस. सगळे मेकॅनिकची वाट बघत बसलेले. वहिनी स्वयंपाकघरात आल्या. मी पाहुण्यांसाठी कप पुसत होते. त्यांनी माझ्या हातातला कप काढून घेतला आणि पाना दिला. "हे मी पुसते. तू तिकडे बघ. तुझे डोळे सकाळपासून तिकडेच आहेत."

बस, एवढंच. त्यानंतर मला या घरात कधी परकं वाटलं नाही.

अशा माणसाला काय सांगायचं? की तुमच्या पाठीवर सगळं टाकून मी निघाले?

ठेंगू मेला तेच बरं. तेच बरं.

मंगळवार, ११ मार्च

आज ठेंगूकडे गेले नाही. ऑफिसात कागद आवरले.

बुधवार, १२ मार्च

काल खोटं लिहिलं. या वहीशी खोटं! आता हसावं का रडावं.

गेले होते. वहिनी दादांना डॉक्टरकडे घेऊन गेल्या होत्या, यार्डात कोणी नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळले. शनिवारपासून एक गोष्ट आत टोचत होती — आम्ही दोघी लोंबकळलो, पंपवाल्यांनी जोर दिला, पण सगळ्यांनी एकाच बाजूला. इंजिन ज्या बाजूला फिरतं त्याच बाजूला. उलटं कोणी फिरवून बघितलंच नाही!

पाना उलटा लावला. पाइप घातला. दाबलं.

हललं.

जड, पण हललं. आणि आतून फुस्स असा श्वास सुटला. सिलिंडरात दाबलेली हवा होती ती. मेलेलं इंजिन श्वास सोडत नाही. आणखी दाबलं, अर्ध्या फेऱ्याच्या आतबाहेर कुठेतरी टक्! थांबलं. पुन्हा सुलट फिरवलं, तेवढंच परत आलं आणि टक्! थांबलं.

चिकटलेलं बेअरिंग असं वागत नाही. ते इकडेही हलत नाही, तिकडेही नाही. हे टक् लोखंडावर लोखंड आहे. आत काहीतरी अडकलंय. सैल, सुटं, छोटंसं काहीतरी. मागच्या बाजूला, फ्लायव्हीलपाशी, जिथे इंजिन हायड्रॉलिकच्या पंपाला जोडलेलं असतं. तिथलं काहीतरी सुटलं, आधी फिरता फिरता घासून ठोकत राहिलं, आणि शनिवारी निखळून मध्येच पाचरीसारखं बसलं. म्हणून डिझेल तोडूनही ठोका बदलला नाही. म्हणून ऑइल स्वच्छ. सगळं जुळतं! एकाच दगडात दोन्ही कोडी!

एरवी मी यार्डभर नाचले असते.

काल मी पाना काढला, पुसला, जागेवर ठेवला. कॅबिन खाली केली. वहिनी आल्या, म्हणाल्या, "काय गं, काय केलंस दिवसभर?"

"कागद आवरले."

गुरुवार, १३ मार्च

आजही सांगितलं नाही. तोंडाला कुलूप.

सकाळपासून वहिनी फावड्यावर. माणसाने किती भरायचं? एक गाडी भरता भरता दुसरी निघून गेली, पलीकडच्या यार्डाकडे. दादा फोनवर सांगतायत, "मशीन जरा रजेवर आहे हो!" आणि फोन ठेवला की भिंतीकडे बघतात. मीही फावडं घेतलं. वहिनींपेक्षा जास्त भरलं, रागारागाने. कोणावरचा राग ते विचारू नये.

वहिनींनी डावा खांदा दोनदा दाबला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

संध्याकाळी ह्याला फोन केला. सांगितलं, इंजिन गेलं.

"अरेरे," म्हणाला.

त्या अरेरेमध्ये केवढा आनंद! बिचाऱ्याने दाबायचा पुष्कळ प्रयत्न केला. मग हळूच म्हणाला, "मग... आता फोरमनला सांगू का?"

"थांब दोन दिवस."

"अगं, आता कशासाठी थांबायचं?"

खरंच. कशासाठी?

शुक्रवार, १४ मार्च

जुन्या मशिनी घेणारा सोमवारी बघायला येतोय. दादांनीच बोलावलंय. सुटे भाग काढून विकतो म्हणे. बकेट वेगळी, टायर वेगळे, पंप वेगळा.

बसवत नाही, उभं राहवत नाही. आज तीन वेळा ठेंगूपर्यंत गेले आणि परत आले.

शनिवार, १५ मार्च

वहिनी ठेंगूला धूत होत्या.

पाइपने पाणी मारून, ब्रशने घासून. चाकांच्या खाचांमधली वाळलेली माती काडीने कोरून काढत होत्या. मी म्हटलं, "वहिनी, भंगारात जायचा तो. कशाला?"

"जाताना तरी स्वच्छ जाऊ दे गं. एवढं केलंय त्याने आपल्यासाठी."

मी पटकन वळले आणि ऑफिसात येऊन बसले. समोर कागद होते, एकही अक्षर दिसेना.

जाम ठेंगू नाही. मी आहे.

रविवार, १६ मार्च

सांगितलं. सगळं सांगितलं. आता नीट लिहून काढते, नाहीतर डोकं शांत होणार नाही.

सकाळी वहिनींना म्हटलं, "जरा टॉर्च धरायला या." त्यांनी काही विचारलं नाही, आल्या. मी स्टार्टर सोडवायला घेतला. तो काढला की तिथे एक भोक राहतं, त्यातून फ्लायव्हीलची कड दिसते. दादाही खुर्ची ओढत ओढत आले. ही त्यांची सवय, ऑपरेशन कुठेही असो, बघायला पहिल्या रांगेत.

स्टार्टर बाहेर आला. वहिनींनी टॉर्च आत मारला. मी डोळा लावला.

आतल्या भिंतीवर गोल चरा. ताजा, चकचकीत, नखाने ओरखडल्यासारखा. आणि खालच्या बाजूला, फ्लायव्हील आणि भिंतीच्या मध्ये, तिरका घुसून बसलेला एक बोल्ट. अंगठ्याएवढा! इंजिन पंपाला जोडणाऱ्या कपलिंगचा. त्याचं डोकं घासून घासून एका बाजूने सपाट झालेलं.

"वहिनी, पाना उलटा फिरवा. हळू. आणखी... थांबा!"

बोल्ट सुटून खाली पडला. चुंबकाची काडी आत घातली आणि बाहेर ओढला. हातात घेतला तर एवढासा. त्याने सगळ्यांना रडवलं होतं.

"आता सुलट फिरवा."

वहिनींनी पाइप दाबला. इंजिन फिरलं. फुस्स. आणखी फिरलं. फुस्स. पूर्ण फेरा! दुसरा फेरा! वहिनींनी पाइप सोडला आणि मला असं काही कवटाळलं की टॉर्च खाली पडून फुटला. "जिवंत आहे! अगं, जिवंत आहे हा!" दादा खुर्चीतून ओरडतायत, "रिंगा शाबूत आहेत! मी म्हणतच होतो!"

त्यांच्या मिठीत मी लाकडासारखी उभी होते. वहिनींच्या लक्षात आलं. मागे झाल्या.

"काय गं?"

"मला मंगळवारपासून माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"आत काहीतरी अडकलंय. इंजिन गेलेलं नाही. तुम्ही दादांना डॉक्टरकडे नेलंत ना, तेव्हा उलटं फिरवून बघितलं होतं. कळलं होतं. आणि बोलले नाही."

वहिनींना कळेना. "पण का?"

मग बंदर, वर्कशॉप, फोरमन, ह्याची खोली, महिनाअखेर — सगळं एका दमात. ठेंगू मेला तर मला सांगावं लागणार नाही असं वाटलं, हेही. थांबत थांबत सांगितलं असतं तर सांगताच आलं नसतं.

दादा जमिनीकडे बघत राहिले. वहिनींच्या चेहऱ्यावरून एकेक करून सगळे दिवे विझत गेले. फावड्याने आलेले हातावरचे फोड त्या दुसऱ्या हाताने चाचपत होत्या. मुद्दाम नव्हे. पण मला दिसलं.

मग म्हणाल्या, "त्या कपलिंगला बोल्ट किती?"

"आठ."

"मग बाकीचे सात बघ. तेही सुटतील."

आणि आत गेल्या.

सोमवार, १७ मार्च

मशीन घेणारा आला. दादांनी फाटकातूनच परत पाठवला. "आमचा पेशंट उठून बसला!" तो चिडला. दादांनी त्याला चहा पाजला तरी चिडलेलाच.

मी पंप सोडवून मागे सरकवला. सातातले चार बोल्ट बोटांनी फिरले! आमच्याकडे यायच्या आधी कधीतरी कोणीतरी वॉशर न घालता बसवलेले. सगळे नवे आणायला हवेत. कपलिंगचं रबर मात्र ठीक आहे.

वहिनी माझ्याशी बोलत नाहीत.

बुधवार, १९ मार्च

आठही नवे बोल्ट, वॉशरसकट, पुन्हा सुटू नयेत म्हणून आट्यांना लाल औषध लावून, मोजून आवळले. पंप जागेवर. स्टार्टर जागेवर. हायड्रॉलिकचं ऑइल भरलं.

चावी वहिनींकडे. मी दादांना म्हटलं, "वहिनींना सांगता का, तयार आहे." वहिनी तिथेच, माझ्यापासून दोन हातांवर! पण गेले तीन दिवस हे असंच चाललंय. "तिला विचारा जेवणार का." "तिला सांगा साबण संपलाय." दादा बिचारे मधल्या मधे टपाल खातं झालेत.

वहिनी चढल्या. चावी फिरवली. एका हाकेत उठला! थोडा धूर, मग आपली जुनी घरघर. आम्ही सगळे कान देऊन. वहिनींनी बकेट खडीत घातली, पूर्ण भरली, उचलली. इंजिनावर भार आला.

ठोका नाही.

दादांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी गर्रकन ठेंगू वळवला, गाडी भरली, पुन्हा वळवला. दिवसभर भरत राहिल्या. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मी मात्र त्यांच्याकडेच बघत होते. केवढ्या सफाईने चालवतात! कधी सांगितलंच नाही त्यांना.

शुक्रवार, २१ मार्च

बोलल्या. बोलल्या कसल्या, फुटल्या.

मी नळावर डिझेलचे हात धूत होते. मागून येऊन उभ्या राहिल्या.

"मला सांगायला तुला मेलेलं इंजिन लागलं?"

मी हात धूत राहिले.

"मी कोण आहे गं तुझी? सासू आहे? पहारेकरी आहे? धरून ठेवलंय तुला?"

"नाही."

"मग?"

"धरून ठेवलं असतंत तर हात सोडवून कधीच गेले असते, वहिनी. तुम्ही कधी धरलंच नाहीत. म्हणून तर सांगता येईना."

नळ तसाच वाहत होता, त्यांनी पुढे होऊन बंद केला.

"माझा जीव किती जळला या दिवसांत, माहितेय? तो ठेंगू गेला म्हणून नाही. तू त्या पाइपला लोंबकळलीस ना, आणि 'जाम' म्हणालीस, तेव्हा तुझ्या तोंडावर जे दिसलं ना मला... मी म्हटलं ही खूश कशी? मग स्वतःलाच शिव्या घातल्या. म्हटलं, छे, आपली धाकटी तशी नाही."

डोळे पुसायला गेले तर हाताला साबण.

"चोळू नकोस, आणखी झोंबेल," म्हणाल्या आणि पदराने त्यांनीच पुसले. रागातच. जोरात.

शनिवार, २२ मार्च

ठरलं. जाणार नाही.

सकाळी वहिनी पायरीवर बसून खांदा शेकत होत्या. दादांना चपला घालायला त्यांनीच वाकायचं, लोडरही त्यांनीच, आणि पुढचा बोल्ट सुटला की? पंपवाले येणार आणि मान हलवणार. नाही जमायचं. मी इथली आहे. जहाजांच्या इंजिनांना माझ्यावाचून काही अडत नाही.

ह्याला सांगितलं. मग म्हणाला, "ठरलं म्हणतेस, पण तुझ्या आवाजात तर अजून काही ठरलेलं नाही."

रागावून फोन ठेवला. मग पुन्हा केला. मग दोघं कितीतरी वेळ फोन धरून बसलो.

वहिनींना सांगितलं नाही. सोमवारी फोरमनला नाही म्हणून कळवते, मग सांगेन.

रविवार, २३ मार्च

दिवसभर घर आवरलं. जे आवरलेलं होतं तेही आवरलं.

सोमवार, २४ मार्च

फोरमनला फोन केला. "नमस्कार, मला त्या कामाबद्दल—" एवढंच म्हटलं. पुढचं मनात पाठ केलं होतं.

ते हसायलाच लागले. "तुमच्या जाऊबाईंचा फोन येऊन गेला काल, दिराकडून नंबर घेऊन. म्हणाल्या, ती एक-दोन दिवसांत नाही म्हणायला फोन करेल, तिचं अजिबात ऐकू नका. एक तारखेला मी स्वतः आणून सोडते."